३२ मिमी ट्यूबलेस रोड टायर: सोलापूरच्या तलावांकडच्या रस्त्यांवर कितपत पुरतो?

सोलापुरात रोड सायकल चालवणाऱ्याने २५ किंवा २८ मिमी रुंदीचा ट्यूबवाला टायर उतरवून ३२ मिमीचा ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला टायर, घालावा का? घालावा. आपल्याकडच्या रस्त्यांसाठी यापेक्षा चांगला खर्च सायकलवर होऊ शकत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. अटी दोनच. फ्रेममध्ये जागा हवी, आणि सीलंटची, म्हणजे टायरच्या आत घालायच्या भोकं बुजवणाऱ्या द्रवाची, देखभाल आपल्या उन्हाच्या हिशेबाने करायची तयारी हवी. दुसरी अट पाळणारे कमी आणि टायरला दोष देणारे जास्त दिसतात, म्हणून इथे सगळं तपशिलात मांडतो.

परीक्षणासाठी धरलेला टायर म्हणजे कॉन्टिनेंटल ग्रँड प्री ५००० एस टीआर, ७०० × ३२. हा २०२१ मध्ये बाजारात आला. कंपनीने दिलेलं वजन ३२० ग्रॅम. रबराखाली व्हेक्ट्रन या मजबूत कृत्रिम धाग्याची संरक्षक पट्टी आहे, आणि रस्त्याला टेकणाऱ्या रबरावर दोन बारीक भोकं आहेत. ती दिसेनाशी झाली की टायर झिजला असं समजायचं. हुकलेस, म्हणजे कडेला आतून आकडा नसलेल्या, रिमवर चालतो, पण तिथे हवेची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे साधारण ७३ पीएसआय (पौंड). वजनाची भीती मनातून काढून टाका. २८ चा टायर आणि १०० ग्रॅमची ब्यूटाइल (नेहमीच्या रबराची) ट्यूब धरली, तर ३२ चा ट्यूबलेस सीलंटसकट एका चाकाला जेमतेम ३०-४० ग्रॅम जास्त भरतो.

अशा टायरची बहुतेक परीक्षणं थंड, ओल्या मुलखात लिहिलेली असतात. आयर्लंडच घ्या. विकलो, कॅव्हन, लीट्रिम या भागांत चढउताराचे अरुंद रस्ते, अधूनमधून तळी, डांबरावर खडी दाबून केलेला खरखरीत थर आणि दोन्ही अंगांना हॉथॉर्नची काटेरी कुंपणं. ही कुंपणं छाटायला तिथे कायद्याने १ मार्च ते ३१ ऑगस्ट बंदी आहे, त्यामुळे छाटणी सप्टेंबर ते फेब्रुवारीत होते आणि काटे त्याच महिन्यांत रस्त्यावर येतात. आपल्याकडेही माळरानाचे चढउतार आहेत, तलाव आहेत, खडबडीत डांबर आहे. काटे मात्र बारमाही आणि चांगले लांब, आणि वर ऊन. तिथल्या परीक्षणातलं ‘सीलंट तीन ते सहा महिने पुरतं’ हे वाक्य सोलापुरात लागू पडत नाही.

रस्ते

टायरची खरी परीक्षा रस्त्यावर होते, म्हणून आधी रस्त्यांबद्दल.

सगळ्यात सोपा हिप्परगा. तुळजापूर रस्त्याने शहराबाहेर पडलं की सात-आठ किलोमीटरवर तलाव लागतो. सरकारी कागदात याचं नाव एकरुख. आदिला नदीवरचा हा मातीचा बांध १८७१ मध्ये पुरा झाला. इथवरचं डांबर चांगलं आहे, आणि तलावापर्यंत जाऊन परत यायचं असेल तर २५ मिमीवरही काही अडत नाही. पुढे तामलवाडीवरून तुळजापूर धरलं की रस्ता चढत जातो. सोलापूर साधारण साडेचारशे मीटर उंचीवर, तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. शेवटचा चढ बालाघाटाच्या कडेचा. जाताना टायरचा संबंध फारसा येत नाही. येताना मात्र घाटाच्या वळणांवर ३२ मिमीची पकड लगेच कळते. खडी पसरलेल्या वळणावर २५ चं चाक बाजूला सरकतं, तिथे हा टायर खडीवर बसून पुढे जातो. महामार्गाच्या साइडपट्टीवर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या पोलादी तारा पडलेल्या असतात. केसासारखी बारीक तार शिरते, सीलंट भोक बंद करतं, पण तार आतच राहते आणि दर फेरीला भोक परत उघडतं. घरी आल्यावर टायर दिव्याखाली फिरवून चिमट्याने तार काढायची. हे टाळलं तर आठवडाभर रोज सकाळी हवा कमी भरेल आणि कारण सापडणार नाही.

होटगीच्या तलावाकडचा रस्ता मला फारसा पसंत नाही. सिमेंट कारखाने आणि वीजप्रकल्प याच अंगाला असल्याने जड वाहनांची वर्दळ मोठी. रविवारी पहाटे जाऊन यावं, एरवी सोडावा.

बार्शी रस्त्याने नान्नजपर्यंतचा पट्टा वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा. माळढोक अभयारण्याचं हे गवताळ माळरान, हळूच चढणारे आणि हळूच उतरणारे लांब टप्पे, आणि नशिबात असेल तर काळविटांचा कळप. पावसाळा सरल्यावर, सप्टेंबर ते नोव्हेंबरात, साइडपट्टीवर सराटे पसरतात. फोटो काढायला सायकल रस्त्याखाली उतरवली की दोन्ही टायरमध्ये एकदम पाच-सात सराटे रुततात. ट्यूबवाल्या टायरची फेरी इथेच संपते. ट्यूबलेसमध्ये सराट्याचा काटा बारीक आणि आखूड, सीलंट तो क्षणात बंद करतं. फक्त सराटा तिथल्या तिथे उपटायचा आणि चाक दोन फेरे फिरवायचं.

रस्ता म्हणून सगळ्यात सुंदर फेरी बोरी नदीची. हैदराबाद रस्त्याने बोरामणी, इटकळ करत नळदुर्ग, तिथून दक्षिणेला चपळगावच्या बाजूने कुरनूर धरण, मग अक्कलकोट, आणि वळसंग-कुंभारीवरून सोलापूर. एकूण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी अडवून बांधलेला पाणीमहाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा. तीच बोरी पुढे कुरनूरला धरणात भेटते. म्हणजे एका नदीवरचे दोन बंधारे, तीन शतकांहून जास्त अंतराने बांधलेले, एकाच दिवसात सायकलवरून पाहता येतात. हिवाळ्यात सकाळचं वारं बहुधा पूर्वेकडून असतं, म्हणून ही फेरी नळदुर्गच्या दिशेने सुरू करावी. समोरचं वारं ताज्या पायांवर घ्यायचं आणि अक्कलकोटहून परतताना पाठीवर. महामार्ग सोडून आतल्या रस्त्यांना लागलं की ठिगळं मारलेलं डांबर, मधेच उखडलेले पट्टे आणि दोन्ही बाजूंनी रस्त्यावर वाकलेली वेडी बाभूळ. ३२ मिमीचे पैसे वसूल होतात ते इथे. हातांना येणारा बधिरपणा जातो, आणि ८० किलोमीटरनंतर पाठ ताठत नाही.

विजापूर रस्त्याने मंद्रूपवरून हत्तरसंग कुडल ही पाचवी वाट. भीमा आणि सीना यांचा संगम, शके ९४० चा शिलालेख, बहुमुखी शिवलिंग. रस्ता जवळजवळ सपाट. ऊसतोडणीच्या हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, ट्रॉल्यांमधून पडलेला ऊस चाकांखाली चिरडून रस्त्याला चिकटतो आणि त्यावर माती बसते. पहाटेच्या दवात हा थर निसरडा होतो. त्यावर ब्रेक लावायचा नाही, सरळ जाऊ द्यायचं.

हवा किती भरायची

सगळ्यात मोठी चूक इथे होते. २५ मिमीवर १०० पीएसआय भरायची सवय असलेला माणूस ३२ मध्ये ८० भरतो, आणि मग ‘काही फरक वाटला नाही’ म्हणतो. स्वाराचं वजन ७० किलो, सायकल ९-१० किलो, रिमची आतली रुंदी २१ मिमी धरली तर पुढे ४८-५०, मागे ५२-५४ पीएसआय. दर पाच किलो वजनामागे दोन पीएसआय वरखाली. फक्त महामार्गावर जायचं असेल तर दोन-तीन वाढवा, कुरनूरच्या आतल्या रस्त्यांना तेवढेच कमी करा. खड्ड्यात रिम डांबराला लागल्याचा ‘टण्ण’ आवाज आला तर हवा कमी आहे. गतिरोधकावर सायकल उडी मारत असेल तर जास्त आहे.

तापमानाचा हिशेबही ठेवा. या दाबाला दर दहा अंशांमागे साधारण सव्वादोन पीएसआय वाढते. जानेवारीत पहाटे १६ अंशांना ५२ भरलेला टायर दुपारच्या तापल्या डांबरावर ४२ अंशांना गेला की ५८ च्या आसपास पोचतो. म्हणून लांबच्या फेरीला सकाळी दोन पीएसआय कमी भरून निघावं. सायकल उन्हात उभी करून चहाला बसू नये, सावली शोधावी.

बसवणं

रिम कोऱ्या कपड्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जुन्या टेपचा गोंद राहिला तर नवी टेप सरकते. टेप आतल्या रुंदीपेक्षा ३-४ मिमी रुंद घ्यायची, म्हणजे २१ च्या रिमला २४-२५ ची. व्हॉल्व्हच्या भोकासमोरच्या बाजूला सुरुवात करा, ओढून ताणून लावा आणि शेवटी दहा सेंटिमीटर एकावर एक येऊ द्या. मग अंगठ्याने सगळीकडे दाबा. बुडबुडा राहिला तर तिथूनच हवा जाणार. व्हॉल्व्हसाठी टेपला तापलेल्या सुईने गोल भोक पाडा. ब्लेडने चीर दिली तर ती वाढत जाते. व्हॉल्व्हची चकती हातानेच आवळा. पकड लावून आवळली तर रस्त्यात ट्यूब घालायची वेळ आल्यावर ती सुटत नाही.

हा टायर नवा असताना रिमवर घट्ट जातो. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने चढवायला सुरुवात करा आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. चढवताना दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोल पन्हळीत दाबत राहा. शेवटच्या वीतभर भागाला एवढीच ढील मिळते, आणि तीच पुरते. पत्र्याचे टायर लिव्हर वापरू नका, टेप फाटते.

कडांना साबणाचं पाणी लावा. व्हॉल्व्हचा गाभा (आतला, हवा अडवणारा भाग) काढा आणि मोठ्या पंपाने जोरात हवा मारा. ‘फट फट’ आवाज करत कडा बसतात. मग टायरवरची रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारखी दिसते का ते पाहा. एखाद्या जागी ती आत गेली असेल तर हवा सोडून, साबण लावून पुन्हा. त्यानंतर गाभा काढलेल्या व्हॉल्व्हमधून ४५ मिली सीलंट सोडा, गाभा परत बसवा आणि हवा भरा. चाक उभं फिरवा, मग आडवं धरून दोन्ही बाजूंना पाच-पाच मिनिटं ठेवा. पहिल्या रात्रीत १०-१५ पीएसआय उतरली तर घाबरू नका. लगेच वीस-तीस किलोमीटर चालवून आणा, बाजूंची बारीक छिद्रं बुजतात.

कॉम्प्रेसरबद्दल एक इशारा. प्रेस्टा, म्हणजे रोड सायकलच्या बारीक व्हॉल्व्हचा पितळी अ‍ॅडॉप्टर लावून पेट्रोल पंपावर हवा भरता येते, पण आकडा स्वतः सांगा आणि काट्याकडे बघत राहा. ट्रकची हवा भरणारा माणूस सवयीने शंभरावर नेतो, आणि हुकलेस रिमवरून टायर निसटला तर जवळच्या माणसाला इजा होते.

वेडी बाभूळ

हिचा काटा दोन-तीन सेंटिमीटरचा, सरळ आणि कडक. टायरमध्ये शिरताना तो बहुतेक वेळा मोडतो. बाहेर काळा ठिपका आणि त्याभोवती पांढरट सीलंटचे बारीक बुडबुडे दिसतात. दहा-पंधरा सेकंदांत बुडबुडे थांबतात, ठिपका ओला राहतो आणि मग सुकतो. इथे काटा उपटायचा मोह आवरा. टोक आत राहिलं तरी चालतं, तोच बूच म्हणून बसलेला असतो. घरी गेल्यावर, हवा भरायची सोय हाताशी असताना काढा. काढल्यावर ते भोक खाली येईल असं चाक थांबवा, म्हणजे सीलंट तिथे जमतं.

दोन वेळा हे पुरत नाही. काटा सरळ उभा शिरला आणि त्याच वेळी चाक खड्ड्यात दाबलं गेलं, तर टोक पार रिमच्या टेपपर्यंत पोचू शकतं. मग टायरवर काहीच दिसत नाही, पण स्पोकच्या बुडाशी किंवा व्हॉल्व्हच्या भोवती हवा फुसफुसते. असं दिसलं की सीलंट वाढवून उपयोग नाही, टेपच बदलावी लागते. दुसरं, भोक तीन मिमीच्या आसपास गेलं की बुडबुडे थांबतच नाहीत. तिथे दीड मिमीची चिकट वात दाभणाने आत ढकला, बाहेर पाच मिमी ठेवा, बाकी कापा. वात हवा पूर्ण जाण्याआधी घालायची, म्हणून वात घालायचं हत्यार सॅडलच्या पिशवीत तळाशी नको, जर्सीच्या खिशात हवं.

आणि ट्यूब घालायचीच वेळ आली, तर आधी टायरच्या आतून कापूस किंवा रुमाल फिरवा. मोडलेली टोकं जिथे असतील तिथे कापूस अडकतो. बोट फिरवू नका, रक्त निघेल. एक टोक जरी राहिलं तरी नवी ट्यूब पाचशे मीटरमध्ये जाते. मोकळ्या रस्त्यावर दोन-दोन ट्यूब वाया जातात त्या याच कारणाने.

उन्हाळा आणि सीलंट

मार्च ते जूनमध्ये दर चार ते सहा आठवड्यांनी तपासा, हिवाळ्यात दोन-अडीच महिन्यांनी चालतं. व्हॉल्व्ह घड्याळातल्या चार वाजताच्या जागी आणा, पाच मिनिटं थांबा, हवा सोडा, गाभा काढा आणि बारीक प्लॅस्टिक टाय आत घालून बाहेर काढा. टोक दुधासारखं ओलं आलं तर ठीक. कोरडं किंवा चिकट दोरा आला तर ३० मिली नवं घाला. चाक हलवल्यावर आत गोळी फिरल्याचा आवाज येत असेल तर सीलंट गोठून त्याचा रबरी गोळा झाला आहे. टायर उतरवून काढावा लागेल.

सायकल पत्र्याच्या खोलीत ठेवत असाल तर हा काळ आणखी कमी होतो. दुपारी पत्र्याखाली जी भट्टी पेटते तिच्यात सीलंटमधलं पाणी भराभर उडतं. घरात, फरशीवर, भिंतीला टेकून ठेवा, आणि आठवड्यातून एकदा चाक अर्धा फेरा फिरवा. सीओटूच्या नळकांड्याने हवा भरली असेल तर घरी आल्यावर ती सोडून पंपाने भरा. अनेक लॅटेक्स सीलंट त्या वायूने गोठतात.

काळी माती

इथे रुंद टायर उलटा अडचणीचा ठरतो. पाऊस पडून गेल्यावर डांबर सोडून तलावाच्या बांधावर किंवा शेतवाटेवर चाक घातलं, की काळी माती टायरला चिकटते, फोर्कच्या माथ्याशी जमते आणि शंभर मीटरच्या आत चाक जाम होतं. २५ मिमीच्या टायरला आजूबाजूला जागा जास्त राहते, ३२ ला कमी. फ्रेम आणि टायर यांत सगळीकडून किमान ४-५ मिमी फट नसेल तर पावसाळ्यात हा टायर घालू नका. मातीतला खडा अडकून फ्रेमचा कार्बन घासत जातो. जाम झालंच तर चाक ढकलू नका. सायकल उचलून डांबरावर आणा, बाभळीची काडी घेऊन माती काढा. घरी पाण्याच्या साध्या धारेने धुवा. गाड्या धुणाऱ्याचा प्रेशर पंप बेअरिंगचं ग्रीस घालवतो.

सोबत काय हवं

चिकट वातींचं हत्यार, एक टीपीयू (पातळ, हलक्या प्लॅस्टिकची) किंवा साधी ट्यूब, दोन प्लॅस्टिक लिव्हर, व्हॉल्व्हचा गाभा काढायची किल्ली, प्रेस्टा अ‍ॅडॉप्टर, छोटा पंप, आणि जुन्या टायरचा पाच सेंटिमीटरचा तुकडा. टायरला चीर गेली तर वात धरत नाही. तो तुकडा आतून ठिगळ म्हणून लावून वर ट्यूब घालायची. रिम ब्रेक असतील तर टीपीयू ट्यूबच्या पाकिटावर ती रिम ब्रेकला चालते का ते वाचूनच घ्या, घाटात रिम तापते. गावोगावचे पंक्चरवाले हुशार आणि तत्पर असतात, पण त्यांच्याकडचं साहित्य साध्या सायकलचं आणि मोटरसायकलचं. आपली ट्यूब आपणच न्यावी, त्यांच्याकडून हवा आणि हातभार घ्यावा.

कोणी घेऊ नये

जुनी रिम ब्रेकची सायकल, जिच्या कॅलिपरमध्ये २८ च जेमतेम मावतो, त्यांनी या भानगडीत पडू नये. २८ मिमीचा चांगला ट्यूबवाला टायर, मागे ७०-७५, पुढे ६५-७० पीएसआय, आणि दोन ट्यूब खिशात; हिप्परगा आणि हत्तरसंग यावर आरामात होतं. रिमवर ‘ट्यूबलेस’ असं लिहिलेलं नसेल तर टेप लावून जुगाड करू नका. आठवड्यातून एकदाच, शहरातल्या शहरात संभाजी तलावापर्यंत जाणाऱ्यालाही याची गरज नाही. सायकल उभीच राहिली तर सीलंट सुकतं आणि देखभालीचा त्रास तेवढा उरतो.

बाकीच्यांनी जोडीने घ्यावेत, पण जोडीने बदलू नयेत. मागचा टायर आधी झिजतो. तो संपला की पुढचा मागे घाला आणि नवा पुढे, कारण उतारावर वळताना पुढच्या चाकाने दगा दिला तर सावरायला वेळ मिळत नाही.